खाँसाहेबांची हत्यारे

किराणा घराण्याचे थोर गायक म्हणून अब्दुल करीम खाँसाहेब सर्वांना ठाऊक आहेत. मला ते निराळ्या कारणाने जवळचे वाटतात. आजच्या उत्तर प्रदेशातील कैराना येथे १८७२ साली जन्मलेले खाँसाहेब पुढे मिरजेत स्थायिक झाले. बिघडलेली वाद्ये ते स्वतः दुरुस्त करीत. प्रवासातही हत्यारे बरोबर असत.

माझे वडील नागपुरात सुतारकाम करतात. पावसाळ्यात लाकूड फुगते, सरसाचा सांधा सुटतो, हे आमच्या घरचे नेहमीचे बोलणे. तंबोऱ्याचेही तेच. भोपळा आणि दांडी यांचा सांधा सैल झाला की नाद बसतो. मग जुना सरस खरवडून सांधा नव्याने जोडायचा, आणि स्पिरिटमध्ये विरघळलेल्या चपड्याचे पातळ हात एकावर एक द्यायचे, म्हणजे लाकडात ओल शिरत नाही. चपडा म्हणजे लाखच. ती आपल्या विदर्भातल्या पळसावरही होते. घाईने जाड हात दिला तर सगळे फुकट!

कारागिरी वेगळी आणि विद्या वेगळी, असे कॉलेजात आल्यापासून मी पुष्कळदा ऐकले. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांना श्रुतींच्या संशोधनात ज्या गायकाचे साहाय्य झाले, तोच पटाशी हाती घेत होता. मला यात कमीपणा दिसत नाही. उलट तो कान या कामातच अधिक तयार झाला असावा.

पाँडिचेरीला जाताना २७ ऑक्टोबर १९३७ रोजी सिंगपेरुमाळकोइल स्टेशनावर खाँसाहेबांचे निधन झाले. त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्यात आहे. त्याच गावच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.