विष्णू नारायण भातखंडे

विष्णू नारायण भातखंडे (१० ऑगस्ट, इ.स. १८६० – १९ सप्टेंबर, इ.स. १९३६) हे हिंदुस्तानी संगीताचे शास्त्रकार, संग्राहक व ग्रंथकार होते.

जीवन

त्यांचा जन्म मुंबईतील वाळकेश्वर येथे झाला. कायद्याची पदवी घेऊन त्यांनी काही काळ वकिली केली. पत्नी व मुलीच्या निधनानंतर व्यवसाय सोडून ते पूर्णपणे संगीताकडे वळले.

संग्रह व वर्गीकरण

त्या काळी बंदिशी प्रामुख्याने घराण्यांतील गायकांच्या स्मरणात असत. उस्ताद निवर्तला की त्याच्याजवळचा ठेवाही लोपण्याचा धोका असे. भातखंडे यांनी देशभर प्रवास करून जुने ग्रंथ अभ्यासले आणि गायकांकडून चिजा मिळवून स्वरलिपीत उतरवल्या.

या प्रचंड संग्रहातून हवी ती चीज सापडावी यासाठी व्यवस्था आवश्यक होती. व्यंकटमखींच्या मेलपद्धतीचा आधार घेत त्यांनी राग कल्याण, बिलावल, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी व तोडी या दहा थाटांत विभागले. 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत सुमारे १,८०० बंदिशी रागवार दिल्या आहेत. रागाचा थाट, वादी-संवादी, गानसमय व आरोह-अवरोह यांच्या माहितीला जोडून लक्षणगीते, ख्याल, ध्रुपदे इत्यादी येतात.

मूल्यमापन

दहा थाटांत सर्व राग बसत नाहीत, असा आक्षेप घेतला जातो. उदाहरणार्थ, मधुवंतीचे स्वर कोणत्याही थाटाशी पूर्णपणे जुळत नाहीत. तथापि, घराण्याबाहेरील विद्यार्थ्यालाही बंदिश शोधून अभ्यासता येऊ लागली ती या मांडणीमुळेच. इ.स. १९२६ मध्ये लखनौ येथे स्थापन झालेल्या संगीत महाविद्यालयात याच पद्धतीने शिक्षण सुरू झाले.