विहिरीवरची मोटर पाणी का सोडते? कोडं उलगडणारे टॉरिसेली

१५ ऑक्टोबरला आपल्याकडं शाळाशाळांत वाचन प्रेरणा दिन असतो. डॉ. कलाम यांची ती जयंती. याच तारखेला १६०८ साली इटलीत इव्हांजेलिस्टा टॉरिसेली यांचा जन्म झाला. हवेचा दाब शिकवताना गुरुजी फळ्यावर पाऱ्याची नळी काढतात ना, ती यांचीच.

उन्हाळ्यात विहीर खाली गेली की काठावरची मोटर पाणी सोडते. फुटवॉल बदला, पाइपात पाणी भरा, काही करा, पाणी वर येत नाही. शेवटी मोटर खाली उतरवावी लागते. असं का होतं, ते या माणसानं पौने चारशे वर्षांपूर्वी दाखवून दिलं.

टॉरिसेलींचं घर गरीब. वडील कापडाच्या धंद्यातले कारागीर. पोरगं हुशार आहे हे ओळखून साधू असलेल्या चुलत्यानं शिक्षणाची जबाबदारी घेतली. पुढं रोममध्ये बेनेदेत्तो कास्तेल्ली हे गुरू भेटले. कास्तेल्ली स्वतः गॅलिलिओंचे शिष्य. वाहत्या पाण्याची मोजणी हा त्यांचा विषय, त्यावर त्यांनी १६२८ साली पुस्तक काढलं. पाट अरुंद झाला की पाणी जोरात पळतं, रुंद झाला की संथ होतं, पण तेवढ्याच वेळात पुढं जाणारं पाणी तेवढंच राहतं, हा त्यांचा धडा. टॉरिसेली त्यांच्याकडं शिकले आणि त्यांचे लेखनिक म्हणूनही राहिले.

ऑक्टोबर १६४१ मध्ये टॉरिसेली फ्लॉरेन्सजवळ गॅलिलिओंच्या घरी गेले. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं मांडल्याबद्दल धर्मपीठानं १६३३ मध्ये गॅलिलिओंना शिक्षा दिली होती. म्हातारे गॅलिलिओ नजरकैदेत होते, दृष्टी गेली होती. जेमतेम तीन महिने हा सहवास मिळाला. ८ जानेवारी १६४२ ला गॅलिलिओ गेले. त्यांच्या जागी दरबारचे गणिती म्हणून टॉरिसेलींची नेमणूक झाली आणि ते फ्लॉरेन्समध्ये गणित शिकवू लागले.

गॅलिलिओ एक कोडं मागं ठेवून गेले होते. पाणी ओढणारा पंप सुमारे ३४ फुटांच्या वर पाणी चढवत नाही. पंप कितीही चांगला असो, तिथंच थांबतो. गॅलिलिओंनी १६३८ च्या पुस्तकात याचं कारण दिलं होतं. फार लांब दोरी टांगली तर ती स्वतःच्याच वजनानं तुटते, तसा पाण्याचा खांबही तुटतो, असा त्यांचा विचार. हवेला वजन असतं हे त्यांना ठाऊक होतं, पण त्याचा पंपाशी संबंध त्यांनी जोडला नाही.

तो टॉरिसेलींनी जोडला. पंप पाणी ओढतच नाही, असं त्यांचं म्हणणं. पंप फक्त पाइपातली हवा काढतो. बाहेरच्या हवेचं वजन विहिरीच्या पाण्यावर पडतं आणि तेच पाण्याला पाइपात वर ढकलतं. हवेचा जोर ३४ फुटांच्या पाण्याएवढा, म्हणून पाणी तिथंच थांबतं.

ते पटवायचं कसं? ३४ फुटी नळी उभी करणं अवघड. त्यांनी पारा घेतला. पारा पाण्यापेक्षा सुमारे साडेतेरा पट जड, म्हणजे तो अडीच फुटांवर थांबायला हवा. १६४३-४४ च्या सुमारास शिष्य व्हिव्हियानी यांनी प्रयोग केला. एका बाजूनं बंद काचेची लांब नळी पाऱ्यानं भरली, तोंडावर बोट धरलं आणि पाऱ्याच्या वाटीत उलटी केली. बोट काढताच पारा उतरला आणि ७६ सेंटिमीटरवर, म्हणजे अडीच फुटांवर थांबला. वर जागा रिकामी.

निसर्ग रिकामी जागा राहूच देत नाही, असं तेव्हा बहुतेक ठिकाणी शिकवलं जाई. ही रिकामी जागाच पाऱ्याला वर ओढून धरते, असं कोणी म्हणेल, म्हणून टॉरिसेलींनी दोन नळ्या वापरल्या. एकीच्या टोकाला काचेचा मोठा गोळा होता, दुसरी साधी. गोळ्यात रिकामी जागा जास्त, तिथं ओढ जास्त असती तर पारा जास्त चढला असता. पण दोन्हीकडं उंची सारखीच. म्हणजे जोर आतून नाही, बाहेरून.

यावर त्यांनी पुस्तक काढलं नाही. ११ जून १६४४ ला रोममधले मित्र रिच्ची यांना पत्र लिहून सगळं समजावलं. तीनच वर्षांनी, २५ ऑक्टोबर १६४७ ला, आजारानं ते गेले. वय अवघं ३९. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये पास्कल यांच्या मेहुण्यानं पाऱ्याची नळी डोंगरावर नेली. वर हवा कमी, म्हणून पारा खाली उतरला. टॉरिसेली बरोबर होते.

ज्या गुरूंचं नाव साऱ्या युरोपात, त्यांची चूक शिष्यानं दुरुस्त केली. पण भांडून नाही, करून दाखवून. मोठ्या माणसानं सांगितलं तरी पडताळून बघायचं, हे त्यांना गुरूंकडूनच मिळालेलं.

शेतकऱ्यानं यातून घ्यायचं ते एवढंच. ३४ फूट हा कागदावरचा आकडा. पाइपातली गळती, बाक आणि घर्षण धरलं तर काठावरची मोटर २०-२५ फुटांपर्यंतच नीट चालते. त्याखाली पाणी गेलं की जास्त एचपीची मोटर आणून पैसे घालवू नयेत, मोटर खाली घ्यावी. पाण्यात बुडालेली सबमर्सिबल खालून ढकलते, म्हणून तिला ही अडचण नाही.

पावसाळ्यात बातम्यांत कमी दाबाचा पट्टा म्हणतात, तो दाब मोजायची सुरुवातही याच नळीपासून झाली.