२७३४ नंबरचे विमान

१९९३ साली फ्रान्सच्या मध्यवर्ती बँकेने पन्नास फ्रँकची एक निळी नोट काढली. तिच्यावर राजा नव्हता, सेनापती नव्हता. होता एक विमान चालवणारा लेखक आणि त्याच्याच गोष्टीतला छोटा राजपुत्र. पहिल्या छपाईत लेखकाच्या नावावर एक चिन्ह जादा पडले, ते पुढे दुरुस्त करावे लागले. आयुष्यभर नोटा हाताळलेल्या माझ्यासारख्याला असल्या तपशिलात फार रस. २००२ साली युरो आला आणि ती नोट व्यवहारातून गेली. त्या वेळी नोटेवरचा माणूस नेमका कुठे मेला, हे कोणीही खात्रीने सांगू शकत नव्हते.

आंत्वान द सेंत-एक्झ्युपेरी. मित्र त्याला सेंतेक्स म्हणत. आपणही तेच म्हणू. जन्म २९ जून १९०० चा, लियाँ शहरातला. घराणे सरदारी, पण वडील तो चार वर्षांचा व्हायच्या आतच गेले. बाराव्या वर्षी जवळच्या विमानतळावर त्याला कोणीतरी विमानातून फिरवून आणले आणि मुलगा हातचा गेला. नौदलाच्या शाळेची प्रवेशपरीक्षा तो नापास झाला. पुढे लष्करी सेवेत विमान चालवायला शिकला आणि १९२३ साली पॅरिसजवळच्या ल बूर्जे विमानतळावर विमान पाडून कवटी फोडून घेतली. वाग्दत्त वधूच्या घरच्यांना असला जावई नको होता. तेव्हा गडी जमिनीवर आला. एका कौलांच्या कंपनीत हिशेब लिहू लागला, मग ट्रक विकू लागला. दीडएक वर्षात त्याने एकच ट्रक विकला, असे त्याचे चरित्रकार सांगतात. आमच्या शाखेत तो कर्ज मागायला आला असता, तर मी त्याला चहा पाजून परत पाठवले असते.

१९२६ साली तो तुलूझच्या टपाल-विमान कंपनीत लागला. पुढच्या वर्षी त्याला सहाराच्या किनाऱ्यावर कॅप जुबी नावाच्या ठाण्यावर नेमले. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वाळू. इंजिन बंद पडून वाळवंटात उतरलेल्या वैमानिकांना शोधणे, टोळीवाल्यांच्या हातून त्यांना सोडवणे आणि मोडकी विमाने जमेल तशी परत आणणे, हे तिथले काम. वाळूत पडलेले विमान म्हणजे केवळ कंपनीची मालमत्ता नव्हे, हे तो तिथेच शिकला असावा, असे मला वाटते.

पुढे अर्जेंटिना, १९३१ साली कॉन्स्वेलोशी लग्न, त्याच वर्षी रात्रीच्या उड्डाणांवरच्या कादंबरीला फेमिना पुरस्कार. १९३५ सरता सरता पॅरिस ते सायगाव असा विक्रम करायला निघाला आणि लिबियाच्या वाळवंटात आपटला. बरोबर मेकॅनिक प्रेव्हो. जवळ पाणी जवळजवळ नाहीच. मरायला टेकले असताना चौथ्या दिवशी उंटावरचा एक बदाऊनी देवासारखा भेटला. १९३८ साली ग्वातेमालात पुन्हा अपघात झाला, आणि या वेळी हाडे अशी मोडली की पुढे त्याला उड्डाणाचा पोशाखही एकट्याने चढवता येईना.

फ्रान्स पडल्यावर तो न्यूयॉर्कला गेला. तिथेच १९४३ साली छोट्या राजपुत्राची गोष्ट प्रसिद्ध झाली. मागचापुढचा विचार न करता हा माणूस त्याच वर्षी पुन्हा युद्धात गेला. उतरताना एकदा विमान धावपट्टीबाहेर गेले म्हणून अमेरिकन अधिकाऱ्यांनी त्याला बसवून ठेवले. त्याने इतक्या जणांचे उंबरठे झिजवले, की शेवटी पाच उड्डाणांची परवानगी मिळाली. पाच झाली तरी तो थांबला नाही.

विमान होते लॉकहीड पी-३८ लाइटनिंग, दोन इंजिनांचे आणि दुहेरी शेपटीचे. छायाचित्रे काढण्यासाठी त्याच्या तोफा काढून नाकात कॅमेरे बसवलेले. ३१ जुलै १९४४ च्या सकाळी तो कॉर्सिका बेटावरून ग्रनोब्लच्या बाजूला टेहळणीसाठी निघाला. दुपारचे अडीच वाजले, म्हणजे पेट्रोल संपले असणार. विमान आले नाही.

चोपन्न वर्षे गेली. १९९८ च्या सप्टेंबरात मार्सेयजवळ रियू बेटापाशी ज्याँ-क्लोद बियांको नावाच्या कोळ्याच्या जाळ्यात चांदीची हातसाखळी आली. तिच्यावर सेंतेक्सचे नाव, कॉन्स्वेलोचे नाव आणि न्यूयॉर्कच्या प्रकाशकाचा पत्ता. लोकांना हे खरे वाटेना. गोष्ट जरा जास्तच जुळून आली होती. मग २००० साली ल्यूक वानरेल या पाणबुड्याला त्याच परिसरात समुद्रतळावर पी-३८ चे तुकडे दिसले, सुमारे एक किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात विखुरलेले.

आता प्रश्न उभा राहिला, वर काढायचे की नाही? कुटुंबातल्यांचा कल असा, की माणूस जिथे विसावला आहे तिथे त्याला राहू द्यावे. मला ही भावना समजते. आपण अस्थी पाण्यात सोडतो आणि मग त्या शोधायला जात नाही. पण ज्याचा माणूस घरातून गेला आणि कुठे गेला तेच कळले नाही, त्याचे काय होते तेही मी पाहिले आहे. अशांच्या खात्यांचे कागद आमच्याकडे वर्षानुवर्षे पडून असत. घरची मंडळी यायची, बसायची. पैशासाठी कमी आणि कुणीतरी अधिकृतपणे काहीतरी सांगावे म्हणून जास्त. म्हणून ते तुकडे वर आले हे बरेच झाले, असे माझे मत आहे.

सरकारी परवानगी मिळून २००३ साली काही भाग वर काढले. समुद्रात मुरलेले अॅल्युमिनियम हवेत आले की मीठ त्याला खाऊ लागते, त्यामुळे असे तुकडे फार निगुतीने धुवावे लागतात. सफाईत डाव्या इंजिनाच्या टर्बोच्या पत्र्यावर चार आकडे दिसले: २७३४, आणि पुढे डाव्या बाजूचे अक्षर. हा लॉकहीड कारखान्याचा क्रमांक. जुन्या नोंदींत तो लष्करी क्रमांक ४२-६८२२३ शी जुळला, म्हणजे सेंतेक्सचेच विमान. एप्रिल २००४ मध्ये ते जाहीर झाले. साठ वर्षांपूर्वी कुण्या कारकुनाने दोन आकडे एका ओळीत नीट लिहून ठेवले, म्हणून हे कोडे सुटले. त्या कारकुनाचे नाव कुठे येत नाही.

विमान का पडले ते मात्र सुटले नाही. ते जवळजवळ सरळ उभे, प्रचंड वेगाने पाण्यात शिरले, एवढे पत्रा सांगतो. गोळ्यांची भोके सापडली नाहीत. पण मिळालेला भाग इतका थोडा की त्यावरून निकाल देता येत नाही. २००८ साली एका वृद्ध जर्मन वैमानिकाने आपणच ते पाडल्याचे सांगितले. ते सगळ्यांना पटले नाही, मलाही नाही. जवळच एका जर्मन विमानाचे इंजिन मिळाले. त्याचा वैमानिक १९४३ च्या डिसेंबरात पडलेला, एकवीस वर्षांचा, आणि खरोखरीच राजपुत्र होता. कादंबरीत मी असा योगायोग लिहिला असता, तर संपादकांनी खोडला असता.

याच जातीचे आणखी एक विमान १९४२ साली ग्रीनलंडच्या बर्फावर उतरले होते. माणसे वाचली, विमान बर्फाखाली गेले. १९९२ साली २६८ फूट खोल बर्फात विहिरीसारखे भोक वितळवून ते तुकड्यातुकड्यांनी वर आणले. दहा वर्षे खपून, गेलेले भाग नव्याने घडवून, २००२ साली ते आकाशात उडवले. ती जिद्द मोठीच. सेंतेक्सच्या विमानाच्या बाबतीत कोणी तसा घाट घातला नाही. घातला असता तर नव्या पत्र्यात जुने चार तुकडे बसवावे लागले असते, आणि २७३४ हा आकडा रंगाखाली गेला असता.

ते तुकडे जसे निघाले तसेच, वाकलेले आणि खाल्लेले, आज ल बूर्जेच्या विमान संग्रहालयात आहेत. १९२३ साली तो पहिल्यांदा पडला होता, त्याच विमानतळावर.