नीळकंठशास्त्री तथा फादर नेहेम्या गोरे

ग्वाल्हेरहून दक्षिणेस निघालेली आगगाडी शंभरेक किलोमीटर गेली की झाशी लागते. झाशीचे नाव निघाले म्हणजे आपणां ग्वाल्हेरच्या मराठी वाचकांपुढे राणी लक्ष्मीबाई उभी राहते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच मुलखातील काशीपुरा या गावी ८ फेब्रुवारी १८२५ रोजी एका चित्पावन कुटुंबात जन्मलेल्या नीळकंठ गोरे यांची आठवण इकडे क्वचितच निघते.

गोरे घराणे बांद्याच्या नवाबाच्या पदरी राहून नावारूपास आले व पुढे काशीस स्थिरावले. तेथे नीळकंठाचे संस्कृत अध्ययन झाले. घरात शिवोपासना चालत असता हा तरुण विष्णुभक्तीकडे वळला. ही गोष्ट वरवर लहान दिसते. पण वारशाने मिळालेल्या देवावर त्याचे समाधान होत नव्हते, याची ती पहिली खूण म्हटली पाहिजे.

काशीत त्या वेळी मिशनऱ्यांचा उपदेश चाले. त्यांना निरुत्तर करावे या हेतूने नीळकंठशास्त्री विल्यम स्मिथ या पाद्र्यांकडे गेले. गेले होते वाद जिंकावयास. परंतु खंडनासाठी हाती घेतलेला ग्रंथ त्यांच्यानेच खाली ठेववेना; विशेषतः येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. पुढे काही काळ एकीकडे वडील, आप्त व सारी काशी आणि दुसरीकडे एकट्याचे मन, असा झगडा चालला. अखेर १४ मार्च १८४८ रोजी काशीपासून दूर, जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेम्या झाले.

या निर्णयाने त्यांना शांती लाभली असे लिहिता आले असते तर चरित्रकाराचे काम सोपे झाले असते. तसे झाले नाही. १८५३ मध्ये कन्या एलेन लक्ष्मी जन्मली आणि ती तान्ही असतानाच तिची आई वारली. मुलगी परक्या ओंजळीत वाढली. पुढल्याच वर्षी महाराजा दुलीपसिंगांसमवेत शास्त्रीबुवा इंग्लंडला गेले. तेथे मॅक्समुल्लर यांची भेट झाली. ज्या देशातून हा धर्म आपल्यापर्यंत आला, त्या देशाच्या नित्य व्यवहारात तो आढळेना, याचे त्यांना अतोनात दुःख झाले. मॅक्समुल्लर यांनी ही हकीकत पुढे आपल्या आठवणींत नोंदवून ठेवली आहे.

परत आल्यावर १८६० मध्ये त्यांचा ‘षड्दर्शन दर्पण’ हा हिंदी ग्रंथ निघाला. दोनच वर्षांत फिट्झएडवर्ड हॉल यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले. सहाही दर्शनांचे त्यात केलेले खंडन सर्वांना पटेल असे नाही. आम्हांसही सर्वत्र पटत नाही. मात्र प्रतिपक्षाची बाजू मूळ ग्रंथांतून समजून घेऊनच ते लिहीत, हे मान्य करावे लागते.

आणि तीच तर्कबुद्धी त्यांच्यावरही उलटे. बाप्तिस्म्यानंतरही शंकांनी त्यांची पाठ सोडली नाही. श्रद्धेचे प्रमाण ते तपासून पाहत, काही काळ स्वस्थ होत, की मन पुन्हा डळमळू लागे. १८७० मध्ये ते धर्मगुरू झाले. पुढे कौली फादर या इंग्रज संन्यस्त संघात ते दाखल झाले, पण शेवटपर्यंत उमेदवारच राहिले. राहणी विरक्ताची होती. देवाचा साक्षात् स्पर्श व्हावा म्हणून तळमळणारा आणि झाला असे म्हणण्यास धजत नसलेला असा हा पुरुष होता.

अशा माणसाच्या शब्दाने दुसऱ्यांना मार्ग दिसावा, ही या चरित्रातली मोठी नवलाची गोष्ट! पंडिता रमाबाई वाँटेजला असताना त्यांची निष्ठा ब्राह्मो मताकडे होती. त्या मतातील ईश्वरकल्पना हिंदू शास्त्रांतली नसून ख्रिस्ती शिकवणुकीतून आलेली आहे, असे फादर गोरे यांनी पत्राने त्यांना विवेचून दाखविले. ते रमाबाईंना पटले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ताचा धर्म सापडला, ख्रिस्त सापडला नाही. त्यानंतर झालेल्या अनुभवाने त्यांचे जीवन पालटले. गोऱ्यांच्या युक्तिवादाने त्यांना उंबरठ्यापर्यंत आणले होते. पुढचे पाऊल युक्तिवादाचे नव्हते.

एलेन लक्ष्मीही १८८० मध्ये इंग्लंडहून हिंदुस्थानात परतली. तिने इंग्रजीत रचलेली भजने १८८३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील सर्वांत नावाजलेल्या भजनाचा विषय देवाच्या सान्निध्यात मिळणारा गुप्त विसावा हा आहे. वडील तेव्हा हयात होते. २९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबई येथे त्यांचे देहावसान झाले. एलेन लक्ष्मी पुढे १९३७ पर्यंत जगली, आणि तिचे ते भजन देशोदेशींच्या उपासनांतून गायिले गेले.