वर्तनाचा मासिक तक्ता

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने एका परिचारिकेचे चरित्र का लिहावे, असा प्रश्न वाचकांना पडणे साहजिक आहे. आमचा संबंध रोजकीर्द, खतावणी आणि ताळेबंद यांच्याशी. पण फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्याविषयी वाचताना मला सारखे वाटत राहिले, की ही बाई अर्धी आमच्याच शाखेची आहे. हातात दिवा घेऊन जखमी सैनिकांमधून फिरणारी त्यांची मूर्ती आपण शाळेच्या पुस्तकापासून पाहत आलो. त्या हातात दिव्याबरोबर वहीही होती, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. त्या वहीतल्या एका पानाविषयी मला लिहायचे आहे. ते पान म्हणजे शिकाऊ परिचारिकेने कसे वागावे, याचा हिशेब.

त्यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी झाला आणि गावाचेच नाव मुलीला मिळाले. घराणे इंग्रज, सुखवस्तू. वडिलांनी दोन्ही मुलींना घरीच ग्रीक, लॅटिन, इतिहास शिकवला. फ्लॉरेन्सला गणिताची विशेष ओढ. मुलीने चांगल्या घरी पडावे, एवढीच आईची इच्छा होती. मुलीच्या मनात मात्र रुग्णसेवा. घरच्यांचा विरोध निव्वळ हट्टाचा नव्हता. त्या काळी इंग्लंडमधील इस्पितळांत काम करणाऱ्या बायकांची ख्याती वाईट होती. दारू पिणे, रुग्णांकडून पैसे घेणे, कामाच्या वेळी झोपणे असे आरोप त्यांच्यावर सर्रास होत. अशा ठिकाणी आपली मुलगी पाठवायला कोणते घर तयार होईल?

तरीही १८५१ साली त्या जर्मनीतील कायझर्सवर्थ येथील संस्थेत सुमारे तीन महिने शिकल्या. १८५३ मध्ये लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरील, आजारी स्त्रियांसाठी असलेल्या एका छोट्या रुग्णालयाची व्यवस्था त्यांच्या हाती आली. कोणत्याही धर्मपंथाच्या रुग्णाला प्रवेश मिळाला पाहिजे, ही अट त्यांनी व्यवस्थापक मंडळाकडून मान्य करून घेतली. सामानाची यादी, खर्चाचा हिशेब, कोठीची शिस्त यांतही त्यांनी जातीने लक्ष घातले.

१८५४ मध्ये ब्रिटन क्रिमियाच्या युद्धात उतरले. नोव्हेंबरच्या आरंभी ३८ स्त्रियांना घेऊन त्या तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचल्या. या स्त्रियांत रोमन कॅथॉलिक नन होत्या, इंग्लिश चर्चच्या भगिनी होत्या आणि पगारी परिचारिकाही होत्या. लष्करी डॉक्टरांना ही ब्याद नको होती. अशा वेळी दुसरी कोणी असती तर भांडली असती. नाइटिंगेलबाईंनी आपल्या बायकांना बजावले, की डॉक्टरांनी बोलावल्याशिवाय कोणीही रुग्णाजवळ जायचे नाही. समोर माणसे विव्हळत असताना हातावर हात ठेवून बसणे किती कठीण गेले असेल! पण इंकरमनच्या लढाईनंतर जखमींचे लोंढे आले आणि डॉक्टरांनीच त्यांना बोलावून घेतले. कोणी रुग्णांत धर्मप्रचार करायचा नाही, दारूच्या नशेत राहायचे नाही, हे नियमही कडक होते. नियम मोडणाऱ्यांना त्यांनी परत धाडले.

पहिल्या हिवाळ्यात तेथे मृत्यूंचे थैमान चालले. मार्च १८५५ मध्ये आलेल्या स्वच्छता आयोगाने गटारे साफ केली, हवा खेळती केली, आणि मृत्यू झपाट्याने घटले. युद्धानंतर मायदेशी येऊन त्या आकड्यांचा अभ्यास करीत बसल्या. विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाची मदत घेऊन त्यांनी दाखवून दिले, की बहुसंख्य सैनिक जखमांनी नव्हे, तर टाळता येण्यासारख्या रोगांनी मेले. हे दाखवणाऱ्या त्यांच्या रंगीत वर्तुळाकृती आजही संख्याशास्त्राच्या अभ्यासात सांगितल्या जातात. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सभासद करून घेतले. तेथे निवडून आलेली ही पहिली स्त्री.

आता मूळ विषयाकडे वळतो. कृतज्ञ जनतेने जमवलेल्या सुमारे ४४ हजार पौंडांच्या निधीतून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली. पहिल्या वर्गात अवघ्या १५ जणी. जेवण, राहणे, गणवेश शाळेचा आणि वर्षाला १० पौंड. शाळेच्या प्रमुख होत्या रुग्णालयाच्या मेट्रन सेरा वॉर्डरोपर. प्रत्येक विद्यार्थिनीचा दर महिन्याला एक तक्ता भरला जाई. त्याचे दोन भाग होते. एका भागात कौशल्ये: जखम बांधणे, जळवा लावणे, बिछाना करणे, रुग्णाचे अन्न शिजवणे, रुग्णाचे निरीक्षण करणे वगैरे. दुसऱ्या भागात वर्तन: वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, स्वतःची स्वच्छता आणि टापटीप, आणि वॉर्डमधील व्यवस्था. उत्तमपासून शून्यापर्यंत शेरे. बाहेर एकटीने जायचे नाही, वागण्यात थिल्लरपणा दिसला तर काढून टाकायचे, असे नियम होते. आज आपल्याला ते जाचक वाटतील, आणि त्यांतले काही होतेही. पण ज्या धंद्याची अब्रूच गेलेली होती, तो सभ्य घरच्या मुलींना खुला करायचा होता, हे विसरून चालणार नाही.

वर्तन म्हणजे निव्वळ नियमपालन असे मात्र त्या मानत नव्हत्या. १८५९ मध्ये लिहिलेल्या त्यांच्या शुश्रूषेवरील पुस्तकात बारीकसारीक गोष्टी आहेत. रुग्णाच्या खोलीबाहेर कुजबुजू नये, कारण आपल्याबद्दलच बोलत आहेत असे त्याला वाटते. त्याला एकदम दचकवू नये. खोटी आशा दाखवून त्याचे तोंड बंद करू नये. त्याच्या आजाराची चर्चा ज्यांचा संबंध नाही त्यांच्याशी करू नये. आणि आपण हजर नसतानाही रुग्णाचे सारे वेळेवर होईल, अशी व्यवस्था लावून ठेवावी. माझी मावसबहीण परिचारिकेचे शिक्षण घेत आहे. तिला मी हे वाचून दाखवले. ती म्हणाली, की यातले शेवटचेच सर्वांत अवघड. इंजेक्शन देणे आठवड्यात जमते. पण ड्यूटी संपवून निघताना पुढच्या सिस्टरना प्रत्येक रुग्णाचे नीट सांगून जाणे, हे अंगात मुरायला वर्ष लागते.

एवढी चांगली योजना. मग ती सुरळीत चालली का? नाही, आणि मला या चरित्रातला हाच भाग महत्त्वाचा वाटतो. नाइटिंगेलबाई स्वतः वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेल्या होत्या. १८७० नंतर त्यांनी शाळेत बारकाईने लक्ष घातले, तेव्हा तक्ते भरले जात होते, पण शिक्षण मागे पडले होते. रुग्णालय विद्यार्थिनींना फुकटचे कामाचे हात म्हणून राबवीत होते. अभ्यासाला वेळ उरत नव्हता. मग मुलींच्या वसतिगृहात त्यांचा अभ्यास घेणारी वेगळी सिस्टर नेमण्यात आली. नाइटिंगेलबाई एकेका मुलीला घरी बोलावून तिच्याशी बोलू लागल्या, त्यांच्या रोजनिशा वाचू लागल्या. १८७२ पासून विद्यार्थिनींना उद्देशून त्यांची पत्रे जाऊ लागली.

माझ्या मते येथे आमच्या शाखेचा एक धडा आहे. ज्याने वही लिहिली त्यानेच ती तपासायची, असे लेखापरीक्षणात चालत नाही. विद्यार्थिनींच्या वर्तनाचा तक्ता होता. पण त्यांच्याकडून काम घेणाऱ्या रुग्णालयाच्या वर्तनाचा तक्ता कोण ठेवणार? विद्यार्थ्याकडून विश्वासूपणा मागणाऱ्या संस्थेनेही विद्यार्थ्याचा विश्वास सांभाळला पाहिजे. खात्याला जमा आणि नावे अशा दोन बाजू असतात, त्यातलाच हा प्रकार.

पुढे परिचारिकांची परीक्षा घेऊन सरकारी नोंदणी करावी, अशी चळवळ झाली, तेव्हा नाइटिंगेलबाईंनी तिला विरोध केला. परीक्षेत ज्ञान कळते, स्वभाव कळत नाही, हे त्यांचे म्हणणे. ते खरे आहे. पण नोंदणी नसेल, तर वाईट वागणाऱ्याला धंद्यातून दूर कसे करायचे, हा विरुद्ध बाजूचा प्रश्नही खराच होता. इंग्लंडमध्ये नोंदणीचा कायदा १९१९ मध्ये झाला. तेव्हा त्या हयात नव्हत्या. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ चा. डॉक्टरी शिक्षणात तर २०१९ पासून वृत्ती, नीती आणि संवाद हा विषय अभ्यासक्रमातच आला आहे. स्वभाव परीक्षेने कळत नसेल, पण तो शिकवावा लागतो, हे सर्वांनी मान्य केले, असाच याचा अर्थ.

नाइटिंगेलबाई हिंदुस्थानात कधी आल्या नाहीत. पण येथील लष्कराच्या आरोग्याविषयीच्या शाही आयोगासाठी त्यांनी अपार कष्ट घेतले, आणि त्याचा अहवाल १८६३ मध्ये निघाला. १९०७ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. १३ ऑगस्ट १९१० रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये दफन करण्याची सूचना नातेवाइकांनी नाकारली, आणि हॅम्पशायरमधील एका खेड्यात त्यांना मूठमाती दिली. त्यांचा जन्मदिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी अनेक ठिकाणी घेतली जाणारी त्यांच्या नावाची शपथ त्यांनी लिहिलेली नाही. ती १८९३ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथे तयार झाली. शपथ एकदाच घ्यायची असते. त्यांचा तक्ता दर महिन्याला भरला जाई. वैद्यकीय, परिचर्या किंवा औषधनिर्माण शिकणाऱ्या आपल्या बंधुभगिनींना, आणि उद्या दुसऱ्याच्या पैशांचे हिशेब ठेवणार असलेल्या आम्हा वाणिज्यवाल्यांनाही, मी एवढेच सुचवीन, की तक्ता कोणी भरो न भरो, महिनाअखेरीस त्या पाच रकान्यांवरून आपण स्वतः एकदा नजर फिरवावी.