अदृश्याचे माप घेणारा : कूलोम

विजेला रंग नाही, गंध नाही. ती ओंजळीत धरता येत नाही. तरीही विद्युत्प्रभारांमधील बलाचे माप बिनचूक घेता येते, हे ज्याने दाखवून दिले त्या शार्ल-ऑगस्तँ द कूलोम याचे चरित्र विद्यार्थ्यांनी मननपूर्वक वाचावे असे आहे.

कूलोमचा जन्म १४ जून १७३६ रोजी फ्रान्समधील अंगुलेम या गावी झाला. मेझिएर येथील लष्करी स्थापत्यविद्यालयात शिकून तो सैन्यात अभियंता झाला. १७६४ मध्ये वेस्ट इंडीजमधील मार्तिनिक बेटावर त्याची रवानगी झाली. तेथे किल्ल्याच्या बांधकामावर त्याने सुमारे आठ वर्षे काढली आणि आजारपणाने त्याची प्रकृती कायमची ढासळली. पण भिंती, कमानी व माती यांवर पडणाऱ्या भाराचा अभ्यास त्याने सोडला नाही. मायदेशी परतल्यावर १७७३ मध्ये त्याने त्यावरील निबंध पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडला.

पुढे होकायंत्रावर काम करताना, बारीक धाग्याला पडणारा पीळ हे सूक्ष्म बल मोजण्याचे उत्तम साधन आहे, हे त्याने हेरले. त्यातून त्याचा सुप्रसिद्ध पीळ-तराजू निर्माण झाला. चांदीच्या अतिशय बारीक तारेला आडवी काडी टांगलेली, तिच्या टोकाला छोटी गोळी. त्या गोळीजवळ दुसरी विद्युत्भारित गोळी आणली की पहिली दूर ढकलली जाई आणि तारेला पीळ पडे. गोळ्यांमधील अंतर ३६ अंश असता पीळ ३६ अंशांचा; अंतर १८ अंशांवर आणण्यास मात्र १४४ अंशांचा पीळ लागला. अंतर निम्मे, तर बल चौपट! १७८५ मध्ये त्याने हा नियम जगापुढे ठेवला.

फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. वजने-मापे ठरविणाऱ्या समितीवर कूलोम काम करीत होता. परंतु डिसेंबर १७९३ मध्ये सत्ताधाऱ्यांनी राजकीय निष्ठेच्या संशयावरून त्याला लाव्हाझिए, लाप्लास इत्यादी विद्वानांसह समितीतून काढून टाकले. लाव्हाझिएचा तर पुढील वर्षी शिरच्छेद झाला. कूलोम पॅरिस सोडून ब्लुआजवळच्या आपल्या घरी राहिला आणि तेथेही त्याने संशोधन चालू ठेवले. १७९५ मध्ये नव्या राष्ट्रीय संस्थेत त्याची सन्मानाने निवड झाली. अखेरच्या वर्षांत त्याने सार्वजनिक शिक्षणाचा निरीक्षक म्हणून सेवा केली. २३ ऑगस्ट १८०६ रोजी पॅरिस येथे त्याचे निधन झाले.

१८८१ मध्ये पॅरिसला भरलेल्या विद्युत्तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने विद्युत्प्रभाराच्या एककास कूलोमचे नाव दिले. हे एकक आज आपल्या खिशात वावरत आहे. पाच हजार मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या मोबाईल बॅटरीत १८,००० कूलोम प्रभार मावतो. म्हणजे पडद्यावरील एक टक्का उतरला की सुमारे १८० कूलोम खर्ची पडले. अनेक मोबाईलांत बॅटरीचा प्रवाह एका अत्यल्प रोधातून नेतात. त्याच्या दोन टोकांमधील विभवांतरावरून प्रवाह कळतो आणि प्रवाह व काळ यांच्या गुणाकारांची बेरीज क्षणोक्षणी होत राहते. या मोजणीत हळूहळू चूक साचते, म्हणून बॅटरीच्या व्होल्टतेशी ताळा घेऊन ती सुधारावी लागते. कोणत्या कामाने किती वीज खाल्ली, हा तपशील मात्र बहुतांशी अंदाजच असतो. पडदा किती वेळ उजळला, यंत्र किती राबले, यांवरून तो मांडला जातो.

प्रत्यक्ष माप कोणते आणि अनुमान कोणते, हे ओळखणे हीच विज्ञानाची पहिली पायरी होय. कूलोमने आजारपण सोसले, पदच्युतीही सोसली. परंतु तारेचा पीळ जेवढा दिसला तेवढाच त्याने लिहिला. विद्यार्थिमित्रहो, प्रयोगवहीत आकडा लिहिताना एवढे ध्यानी ठेवले, तरी या थोर पुरुषाचे स्मरण सार्थकी लागेल.