मुकुटाविना कर्णधार

विदर्भाने २०१७-१८ च्या हंगामात रणजी करंडक प्रथमच जिंकला आणि पुढे २०१८-१९ व २०२४-२५ मध्येही त्यावर आपले नाव कोरले. अमरावतीचा जितेश शर्मा, अकोल्याचा अथर्व तायडे ही नावे आज वऱ्हाडातील शाळकरी मुलांच्याही ओठांवर आहेत. मात्र भारताला पहिला कसोटी कर्णधार याच विदर्भाच्या मातीने दिला, याची आठवण आपल्याकडे क्वचितच निघते. कर्नल कोट्टारी कनकैया नायडू अर्थात सी. के. नायडू हे ते नाव.

त्यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात एका सुखवस्तू तेलुगू भाषक कुटुंबात झाला. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला आणि नागपूर ही अमरावती-अकोल्याचीही राजधानी झाली, तेव्हा नायडू जेमतेम आठ वर्षांचे होते. उंच, सडपातळ बांधा, ताठ मान आणि मोजके बोलणे. १९१६ मध्ये मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत ते हिंदू संघाकडून प्रथम खेळले. १९२३ मध्ये इंदूरच्या होळकर दरबाराने त्यांना बोलावून लष्करी हुद्दा दिला. खेळाडूचे पोट केवळ खेळावर भरत नसे, त्या काळी संस्थानाची चाकरी हीच त्याची व्यावसायिकता होती.

१९२६ च्या डिसेंबरात आर्थर गिलिगन यांचा एमसीसी संघ मुंबईत जिमखान्यावर हिंदू संघाशी खेळला. पाहुण्यांनी ३६३ धावा केल्या, त्यात गाय अर्ल यांची १३० धावांची तडाखेबंद खेळी होती. नायडूंनी दोन तासांच्या आत १५३ धावा काढून त्याला उत्तर दिले. त्यात ११ षटकार होते. एतद्देशीय खेळाडू साहेबाच्या गोलंदाजीवर असा तुटून पडू शकतो, हे पाहण्यासाठी म्हणे लोक कचेऱ्या सोडून मैदानाकडे धावले. भारताला कसोटीचा दर्जा मिळण्याच्या वाटेवर या खेळीचा वाटा मोठा आहे.

खरी परीक्षा मात्र १९३२ च्या इंग्लंड दौऱ्यात झाली. महात्मा गांधी येरवड्याच्या तुरुंगात होते, देश कायदेभंगाच्या चळवळीने ढवळून निघाला होता आणि इकडे क्रिकेटची सूत्रे संस्थानिकांच्या हाती होती. संघाचे कर्णधार पोरबंदरचे महाराज, तर उपकर्णधार लिंबडीचे राजपुत्र. कर्णधारपद राजघराण्यातच शोभते, अशी समजूत सर्वत्र रूढ होती. पोरबंदरच्या महाराजांना आपल्या खेळाची मर्यादा ठाऊक होती, हे त्यांचे मोठेपण मान्य केलेच पाहिजे. दौऱ्यातील प्रथम श्रेणी सामन्यांत त्यांच्या खात्यावर अवघ्या २ धावा जमा झाल्या. लॉर्ड्सच्या कसोटीत ते बाजूला राहिले, दुखापतीमुळे लिंबडीकरही खेळले नाहीत आणि कर्णधारपद नायडूंकडे आले.

संघातील काहींना हे रुचले नाही. संस्थानिकाच्या हाताखाली खेळण्यात त्यांना कमीपणा वाटत नव्हता. आपल्यातल्याच एकाचे ऐकायचे, हे मात्र त्यांना जड जात होते. त्यात नायडूंचा स्वभाव कडक, गोड बोलून मने वळविणे त्यांना जमत नसे.

अशा मनःस्थितीतील अकरा जणांना घेऊन २५ जून १९३२ रोजी ते लॉर्ड्सच्या मैदानात उतरले. महंमद निसार यांच्या वेगाने इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ झाली. क्षेत्ररक्षण करताना नायडूंच्या हाताला दुखापत झाली. तरीही भारताच्या पहिल्या डावातील १८९ धावांत सर्वाधिक ४० धावा त्यांच्याच होत्या. भारत १५८ धावांनी हरला. पण त्या दौऱ्यात प्रथम श्रेणी सामन्यांत १६१८ धावा आणि ६५ बळी मिळविणाऱ्या कर्णधारासमोर कुरबूर करायला फारशी जागा उरली नाही. नाराज सहकाऱ्यांची त्यांनी समजूत काढत बसल्याचे दिसत नाही, ते सर्वांपेक्षा अधिक राबले.

पुढे १९३३-३४ मध्ये जार्डिन यांच्या संघाविरुद्ध मायदेशातील पहिल्या मालिकेतही तेच कर्णधार होते. लाला अमरनाथ यांनी मुंबईत भारताचे पहिले कसोटी शतक झळकावले, तेव्हा दुसऱ्या टोकाला ६७ धावा काढून नायडूंनी साथ दिली. त्यानंतर वारे फिरले. १९३६ च्या दौऱ्यावर कर्णधार म्हणून विजयनगरमचे महाराजकुमार गेले, आणि खेळाडू म्हणून त्यांची पात्रता किती होती हे धावफलकच सांगतो. कर्णधाराच्या मर्जीतील एकाने न्याहारीच्या वेळी नायडूंचा पाणउतारा केला आणि त्याचे बक्षीस म्हणून त्याला कसोटीत स्थान मिळाले, अशी कथा क्रिकेटवर्तुळात आजही सांगितली जाते. नायडूंनी ओव्हलला आपल्या अखेरच्या कसोटीत ८१ धावा काढल्या.

त्यांच्या नेतृत्वाला खरा अवकाश मिळाला तो होळकर संघात. मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर असे खेळाडू त्यांच्या हाताखाली होते आणि संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. वेळेला उशीर, ढिला पोशाख, सुटलेला झेल यांपैकी काहीच त्यांना खपत नसे. चेंडू लागला तरी ती जागा चोळायची नाही, प्रतिस्पर्ध्याला आपली वेदना दिसता कामा नये, असा दंडक होता. तो अतिरेकीच म्हणावा लागेल. आजचा कोणताही प्रशिक्षक त्याचे समर्थन करणार नाही. पण मुंबईविरुद्धच्या सामन्यात दत्तू फडकरांचा चेंडू तोंडावर आदळून दात पडले, तेव्हा पंचावन्न वर्षे ओलांडलेल्या नायडूंनी तो दंडक आधी स्वतः पाळला आणि खेळ पुढे सुरू ठेवला. त्यांचा धाक सर्वांनाच होता. त्यांच्याविषयी जिव्हाळा किती जणांना वाटत होता, हा प्रश्न वेगळा.

१९५६ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. साठी उलटल्यावर, १९५६-५७ च्या हंगामात, ते उत्तर प्रदेशाकडून रणजी सामने खेळत होते. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूर येथे त्यांचे निधन झाले. क्रिकेट मंडळाची २३ वर्षांखालील मुलांची स्पर्धा त्यांच्याच नावाने होते आणि विदर्भाकडून वऱ्हाडातील मुलेही तीत उतरतात.